घेवड्याचे दोन डबे

नोखायानं दोन्ही डबे सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवले आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली.

म्हातारा म्लिंदेली खड्ड्याशी उकिडवा बसला होता. ओळीतलं शेवटचं झाड त्यानं नुकतंच उपटलं होतं. गांजाच्या पानाची बोटं कशी ऐसपैस पसरायला हवीत, ती आतल्या आत वळली होती, शेंडे पिळवटून खाली लोंबत होते. दोन महिने तो पानं मुरडणाऱ्या या बोकड्या रोगाशी झगडत होता. राख टाकून झाली, तंबाखूचं पाणी मारून झालं, पान न् पान उलटून किडा शोधून झाला. किडा नव्हताच. झाडं भुकेली असतील असं म्हणून तो गोठ्यातलं आणखी शेण आणून घाली आणि आठ दिवसांत पानं आणखी मुरडत. कडेचा मका मात्र छातीएवढा झाला होता, मस्त हिरवागार.

सासू मामभेले फडक्याची पुरचुंडी घेऊन शेजारी उभी होती. पुरचुंडीत मूठभर बी होतं, म्हाताऱ्याच्या आईपासून चालत आलेलं. गेल्या वर्षी गारांनी सगळं झोडपलं, त्यातून वाचलेलं एवढंच. हे वाया गेलं की या घरचा गांजा कायमचा संपला. नवे खड्डे ताज्या शेणानं भरून तयार होते.

"मामंजी, या खड्ड्यांत बी टाकू नका," नोखाया म्हणाली.

"का? आता तू शिकवणार मला? माझे दात पडले या लागवडीत."

"शिकवत नाही. नुसतं बघा. एकाच शेंगेतले दाणे आहेत, एकाच दिवशी पेरलेले."

पहिल्या डब्यात नुसती नदीकाठची माती होती. त्यातला घेवडा सरळ, पानं सपाट. दुसऱ्यात तीच माती, पण अर्धं शेण मिसळलेलं. त्यातल्या घेवड्याची पानं आत वळून पिळवटली होती, उपटलेल्या झाडांसारखीच.

"थंडीत चारा संपला तेव्हा नदीपलीकडच्या मोठ्या शेतावरून आपण गवताचे गठ्ठे आणले," ती भरभर बोलू लागली. "तिथं रुंद पानाचं तण मारायला औषध फवारतात. त्यानं गवताला काही होत नाही, मक्याला होत नाही, गुरांनाही नाही. पण शेणातून ते जसंच्या तसं उतरतं. माझे बाबा तिथं फवारायला होते. तिथलं शेण आमच्या परसात पडलं, त्या साली घेवडा असाच मुरडला होता."

"माझ्या गोठ्यातलं शेण विषारी?" म्हातारा कडाडला. "माझा आजा पुरलाय तिथं!"

पण हात त्याचं ऐकेना. त्यानं घेवड्याचं पान उलटं केलं, मग गांजाचं, मग पुन्हा घेवड्याचं. आयुष्य पानं बघण्यात गेलं होतं त्याचं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग एकदम त्याचा हात थांबला.

"हे शेण तुला दिलं कुणी?"

पूर्वज पुरलेल्या गोठ्यात सुनेनं पाऊल टाकायचं नसतं. सहा वर्षं नोखाया त्या कुंपणाला लांबून वळसा घालून पाण्याला जात होती.

"थेम्बेलानीनं काढून ठेवलं असेल," मामभेले घाईघाईनं म्हणाली. "मागं सुट्टीला आला होता ना पोरगा, तेव्हा. हो ना गं?" आणि तिनं सुनेकडं असं पाहिलं की पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

नुसतं हो म्हणायचं होतं. पण नवरा थंडीच्या आधीच खाणीवर परतला होता आणि गठ्ठे आले त्याच्यानंतर. त्यानं काढलेलं शेण चांगलं असणार. म्हाताऱ्याला हा हिशोब घालायला कितीसा वेळ लागणार? मग दोन्ही डबे खोटे ठरले असते आणि बी गेलं असतं खड्ड्यात.

"नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "मीच गेले. दोन आठवड्यांपूर्वी तुम्ही दोघं मयतीला गेला होतात, तेव्हा. घमेलं घेऊन आत गेले."

मामभेलेनं पुरचुंडी छातीशी धरली.

म्हातारा उठला. गोठ्याकडं तोंड करून तो बराच वेळ पूर्वजांशी पुटपुटत राहिला. मग न वळताच म्हणाला, "उद्या सकाळी माहेरी जायचं. दंडाची शेळी आणलीस तर हे घर तुझं."

"माहेरी शेळी कुठली, मामंजी? आईकडं चार कोंबड्या आहेत."

"मग कोंबड्यांपाशी राहा."

इकडचा भर उन्हाळ्यातला नाताळ दहा दिवसांवर आला होता. नवरा घरी येईल तेव्हा त्याला ती इथं दिसणार नव्हती. तिला हुंदका आवरेना. काहीतरी करायचं म्हणून ती डबे उचलायला वाकली.

"राहू देत ते तिथंच." म्हाताऱ्यानं बायकोच्या हातातून पुरचुंडी घेतली. गाठ घट्ट आहे का ते दोनदा चाचपून पाहिलं. पायानंच त्यानं जवळच्या खड्ड्यावर माती लोटली. "ती माती कुठली?"

"नदीच्या वळणावरची. खडकाखालची."

"वळणं तीन आहेत. कुदळ घे."

नोखायानं डोळे पुसले, कुदळ खांद्यावर टाकली आणि सवयीप्रमाणं त्याच्या मागं जाऊन उभी राहिली.

"मागं काय उभी राहतेस?" म्हातारा खेकसला. "वाट मला ठाऊक आहे का?"