विसरलेली वही

साठी ओलांडल्यावर त्याची बायको प्राचीन ग्रीक शिकायला जाऊ लागली. आधी ती त्यालाही “तुम्ही पण चला की” म्हणाली होती, पण “त्या मेलेल्या भाषेचं काय लोणचं घालायचंय?” म्हणून त्याने पेपर तोंडासमोर धरला. आता मात्र उठता-बसता तिच्या तोंडी ‘आमचे सर’ आले की त्याच्या पोटात दुखायचं.

आंघोळीला जाताना ती आपली ग्रीकची वही हमखास टेबलावर विसरायची. त्यात पानोपानी एकच ग्रीक शब्द येत होता. त्याने गुपचूप शब्दकोश आणला, एकेक अक्षर जुळवलं. अर्थ निघाला, ‘चकवणे’. कोण कोणाला चकवतंय हे शब्दांच्या शेवटांवरून कळतं, असं शब्दकोशात होतं. मग त्याने दातओठ खात त्या क्रियापदाची सगळी रूपं पाठ केली, व्याकरणाचं पुस्तक आणून तेही पालथं घातलं. तीन महिन्यांनी वहीतलं एक वाक्य लागलं: ‘मी नवऱ्याला चकवते आहे.’

त्याने पान उलटलं. तिथे आजची तारीख घालून लिहिलेल्या दोन ग्रीक ओळी होत्या, आणि शब्दकोश न उघडताच त्याला त्या वाचता आल्या:

‘इथवर आलात ना? मग उद्यापासून क्लासला चला. माझ्या शेजारची खुर्ची कधीची धरून ठेवली आहे.’