माधुरीचा डाव

पडद्यावर निळ्यानं दोन नद्यांमधल्या मोकळ्या रानात शहर वसवलं, तेव्हा आदिनाथनं टेबलावर मूठ आपटली.

"घुसला बघ हरामखोर!"

ती जागा त्यानं स्वतःसाठी हेरून ठेवली होती. नवं शहर वसवायला जथा काढावा लागतो. जथा काढला की मूळ शहराची माणसं घटतात, धान्य घटतं. तरी मन घट्ट करून त्यानं तो पाठवला होता. आता जथा रानात नुसता उभा होता आणि त्याच्या पुढ्यात निळं निशाण फडकत होतं.

खेळ माधुरीचा. ती राहात्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि संध्याकाळी घरी हा खेळ घेऊन बसायची. एका बाजूनं आपण, दुसऱ्या बाजूनं यंत्र, आळीपाळीनं चाली. आदिनाथ पेरूच्या बागेतून यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. तिच्या शेजारी कधी बसला नाही. ती गेल्यावर त्यानं कॉम्प्युटर लावला, तर तिचा अर्धा राहिलेला डाव सापडला. लाल की निळा, खेळानं विचारलं. लालचं पहिलं शहर नदीच्या फाट्यावर, काळ्याभोर जमिनीत होतं. तिचं तेच असणार, म्हणून त्यानं लाल घेतला. हा डाव हरू द्यायचा नाही, एवढंच ठरवलं. दुसरं ठरवायला काही उरलंही नव्हतं.

"दाजी, हाय का घरात?"

माधुरीचा धाकटा भाऊ गोरक्ष दारात उभा होता. पाथर्डीकडून एसट्या बदलत आला होता, डोक्यापासून पायापर्यंत धूळ. आदिनाथनं मान वळवली नाही.

"पानी तरी इचारा."

"माठ तिथंच आहे."

गोरक्ष पाणी प्यायला आणि मागच्या खुर्चीत टेकला. "आईनं धाडलंय. वर्षश्राद्ध आलं जवळ. ती म्हनती, दाजींनी यावं. न्हाईतर आमी येतो हिकडं."

"कुणी यायचं नाही."

"दाजी, तिची लेक हुती ती."

"लेक होती तर जीपमध्ये कशाला कोंबलीत? एसटीनं धाडायला काय झालं होतं?"

"एसटी आलीच न्हाई त्या दिशी. म्या म्हनलं, उद्या जा. ऐकंना. म्हनली, ते वाट बघत बसतील."

"बास!" आदिनाथ ओरडला. "एक शब्द बोलू नको."

पडद्यावर चौकट उघडली. निळ्याचा दूत आला होता. अधूनमधून तो यायचाच. आदिनाथनं न वाचता 'नाही' दाबलं.

"काय म्हनत हुता?" गोरक्षनं विचारलं.

"तह कर म्हणतो."

"मग करा की."

"मध्ये शहर घालतो आणि वर तह? ह्याला आता उभा चिरतो."

त्यानं नवे जथे काढणं बंद केलं. सगळ्या शहरांत घोडेस्वार तयार करायला लावले. शहरं वाढायची थांबली, कोठारं रिकामी झाली, तिकडं त्यानं पाहिलं नाही. गोरक्ष खुर्ची ओढून पुढं आला. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं, पण नकाशा त्यानं नीट न्याहाळला.

"ह्यो निळा डोंगरावर का बसलाय?"

"येडा आहे म्हणून. पहिल्याच चालीला, नदी हाताशी असताना, ह्यानं खडक धरला. पाणी नाही, पीक नाही."

"येडा कसला? वर बसलं की खालचं समदं दिसतं. पानी काय, अडवलं की ऱ्हातं. आन् गावं बघा कशी जवळजवळ ठिवलीत. एकाला झोंबलं की दुसरं मदतीला. तुमची मात्र ऊसतोडीला, कोयत्याला गेल्यावानी, चार दिशांना चार."

"पाथर्डीची अक्कल पाथर्डीत ठेव."

गोरक्ष हसला. आदिनाथ हसला नाही.

मधलं शहर आधी पडलं. ठेवायचं की जाळायचं, खेळानं विचारलं. आदिनाथनं जाळलं.

"ठिवलं असतं तर तुमच्याच कामाला आलं असतं."

"जाळायचंच."

पुढचं पडलं, तेही जाळलं. त्याच्या पुढचंही. जीप उलटवणारा डोळ्यांसमोर येत होता, वेळेवर न आलेली एसटी येत होती, अंगणात छाती बडवणारी सासू येत होती. प्रत्येक शहरागणिक त्याचं बोट जोरात पडत होतं. तरी आतलं काही निवत नव्हतं. दूत पुन्हा आला. आदिनाथनं पुन्हा 'नाही' दाबलं.

डोंगरावरची राजधानी तेवढी राहिली. चढावर त्याचे स्वार पटापट मेले. वरचे मूठभर लोक हटेनात. त्यांनी खाली उतरून एकदाही हल्ला केला नव्हता, नुसती आपली जागा धरून बसले होते. त्यानं घरची शहरं मोकळी टाकली आणि असेल नसेल ते सगळं डोंगराला लावलं.

गोरक्ष उठला. "जातो मी. आईला काय सांगू?"

"सांग, तुमच्या गावाचं तोंड बघायचं नाही मला. तुम्हीही इकडं फिरकू नका."

"तुमचं दुःख मोठं हाय, दाजी. पन आमचं काय खोटं हाय का?"

आदिनाथनं पुढची चाल केली. शेवटचा स्वार तटाला भिडला. तट फुटला. निळं निशाण खाली आलं आणि लाल वर चढलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या छातीतून मोकळा श्वास निघाला.

"जिंकला बघ तुझा डाव," तो हळूच म्हणाला. हे गोरक्षला नव्हतं.

कर्णे वाजले. पडदा काळा झाला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ उमटली: राणी माधुरीचं राज्य संपलं.