सातवा डबा

कॅनडातल्या आमच्या घरातली शेगडी भुसा दाबून केलेल्या लाकडी गोळ्यांवर चालते. पाइन, स्प्रूस, फर... अण्णांनी सहा कंपन्यांची एकेक गोणी जाळून पाहिली आणि प्रत्येकीची राख स्टीलच्या वेगळ्या डब्यात भरून शेगडीशेजारच्या फळीवर ठेवली. "राख कमी, ते लाकूड खरं," म्हणायचे. निकाल लागायच्या आधीच गेले.

बाराव्याच्या सकाळी पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ गोठला होता. लोक यायची वेळ झालेली आणि बर्फावर टाकायचं मीठ संपलेलं. मी फळीवरचे डबे एकेक करून पायऱ्यांवर रिकामे केले. शेवटचा चांगलाच जड होता. त्यातली राख भरड, पांढरट निघाली. बर्फावर पकड तिचीच सगळ्यात चांगली. हे अण्णांना सांगायला हवं, असं क्षणभर वाटूनही गेलं.

आत आलो तर आई आंघोळ करून रिकाम्या फळीसमोर उभी.

"डबे कुठायत रे?"

"पायऱ्यांवर टाकली राख. का?"

"अरे, स्मशानातून मिळालेल्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून ह्यांना काल मी डब्यात काढलं. पार्सलासारखे वाटत होते. आणि थंडी कुठे सोसायची त्यांना? म्हणून शेगडीजवळ ठेवलं."

तेवढ्यात बेल वाजली. शेजारचे किणीकरकाका पायपुसण्यावर बूट खसाखसा घासत आत आले.

"राख टाकलीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "पाय जरासुद्धा घसरला नाही."