तेलाचा शेवटचा हात

"मीठ बंद. चिमूटभरसुद्धा नाही. डबाच स्वयंपाकघरातून हलवा." परभणीच्या डॉक्टरांचे हे शब्द सरजाबाईंना रोज चुलीपुढे बसताना आठवत. त्यांनी डबा हलवला होता. नवऱ्याच्या ताटात अळणी वरण वाढायचं आणि आपण चवीचं खायचं, हे मनाला पटेना, म्हणून त्यांनीही मीठ सोडलं. एकादशी आणि सोमवार होतेच, त्यात ही एक भर.

दोन वर्षं झाली त्याला.

डॉक्टरांनी त्यांना दाराबाहेर नेऊन आणखीही सांगितलं होतं. हृदय थकलंय, सहा महिने धरून चला. आत खाटेवर बन्सीधरराव छताकडे बघत पडले होते.

"सरजे," ते म्हणाले, "ती तोफ चकाचक केल्याबिगर म्या न्हाई जात."

"मी जाऊच देनार न्हाई," सरजाबाई म्हणाल्या. देवापुढे बोलतात तसं, हळू.

बन्सीधरराव पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांना जमिनीतून निघालेल्या लढाईच्या वस्तूंचा नाद लागला. नांगराला अडकलेला गोळा, विहिरीच्या गाळातलं पितळी नळकांडं, जे सापडेल ते लोक आणून द्यायचे. पोलिसांना दाखवून झालं की हे घासत बसायचे. देवघराशेजारची फळी भरून गेली होती. मग चुडाव्याच्या वाटेवर एकाचं शेततळं खोदताना ही तोफ निघाली. रझाकारांच्या वेळची, दोन हात लांब, सत्तर वर्षं चिखलात पडलेली. परसात तुळशीपलीकडे पत्र्याखाली ती ठेवली होती.

"काल घासलं, आज पुन्हा लाल," बन्सीधरराव म्हणायचे. "जमिनीतलं मीठ लोखंडात मुरलंय, सरजे. आतून बाहेर यायलंय."

"येऊ द्या की. घाई कुनाला हाय?"

तारेच्या ब्रशची ती खरखर ऐकत भाकरी थापायची सरजाबाईंना सवय झाली होती. मधेच खरखर थांबली की पिठाचे हात तसेच घेऊन त्या दारात यायच्या. ते घाम पुसत असायचे. त्या मग परत भाकरीकडे वळायच्या.

दुपारी जेवून बन्सीधररावांचा डोळा लागला की सरजाबाईंचा नेम असे. देवघरातला झाकलेला गडू घेऊन त्या परसात जायच्या, घटकाभरानं परतायच्या, आणि हात धुऊन मगच घास घ्यायच्या. बन्सीधररावांनी या नेमाबद्दल कधी विचारलं नाही. बायकोचे इतके नेम, कशाकशाचं विचारणार?

शाळेचे नागेश सर शनिवारी बाजाराची पिशवी घेऊन यायचे. तोफ शाळेपुढे मांडायची, हे त्यांनीच ठरवलं होतं.

"काका, मागच्या सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला म्हनलाव, आवंदा देतो. त्याच्या आधीबी आवंदाच. तोफ घासायलाव का लेकराला न्हाऊ घालायलाव?"

"तू आधी चौथरा सरळ बांध. पार नदीकडं कललाय."

सर हसत पिशवी रिकामी करायचे. "काकू, हळद, वाती, आन् हे खडे मीठ. तुमी दोघं अळणी, मग एवढं मीठ कोन खातंय?"

"लोनच्याला लागतंय, बाबा."

"गावभराचं घालताव का काय!"

नेम चुकला तो एकदाच. या भाद्रपदात सरजाबाईंनी तापानं चार दिवस अंथरूण धरलं. पाचव्या दिवशी भिंतीला धरत त्या परसात आल्या, आणि जागीच उभ्या राहिल्या. तोफ लखलखत होती. नागेश सर तिच्यात तोंड बघून केस सारखे करत होते.

"काकू, बगा! चार दिसांत कशी निघाली!"

"मीठ सरलं वाटतं तिच्यातलं," बन्सीधरराव म्हणाले. ते आनंदात होते की दमले होते, सरजाबाईंना कळेना. पायांची सूज मात्र वाढलेली दिसत होती. "आता जवसाच्या तेलाचा एक हात दिला की झालं. मग काय ती गंजत न्हाई."

"मग सांजच्याला द्या तेल. उद्या ट्रॅक्टर आनतो," म्हणून सर गेले.

दुपारी बन्सीधरराव चार घास खाऊन उठले. खाटेवर टेकताना म्हणाले, "ताप उतरला का तुझा?"

"उतरला."

"मग नेम कर. चुकवू नको आता. गडू भरून ठिवलाय म्या."

आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

देवघरात गडू वाटीनं झाकलेला होता. सरजाबाईंनी पदराची गाठ सोडली. तोफेवर रोज शिंपडायच्या पाण्यात मूठभर मीठ टाकायला त्यांनी वाटी उचलली, आणि हात तिथंच थांबला. गडूच्या तळाशी खडे मीठ आधीच पडलेलं होतं. अजून पुरतं विरघळलंही नव्हतं. त्यांनी खाटेकडे पाहिलं. पाठ हलली नाही. मग आपली मूठही त्यांनी गडूत रिकामी केली, बोटानं पाणी ढवळलं, आणि दिलेला शब्द पाळायला त्या पावलांचा आवाज न करता पत्र्याकडे निघाल्या.