चाळीस कार्डांची वही

"हात लावू नका," म्हातारा खेकसला. "आधी चष्मा लावा, मग हात लावा."

संग्रहालयातून आलेल्या बाईंच्या डोळ्यांवर चष्मा होताच. आल्यापासूनचा हा चौथा टोमणा. त्यांनी तोही गिळला.

म्हातारा बाइंडर. पन्नास वर्षं त्यानं लोकांची पुस्तकं बांधली. त्या पुस्तकांत लोक काय वाटेल ते विसरायचे: बोटींची तिकिटं, हॉटेलांची लेबलं, सामानाला बांधलेल्या चिठ्ठ्या, जहाजावरच्या जेवणाची छापील यादी. कुणी मागायला आलं नाही, आणि हा काही कुणाच्या दारात नेऊन द्यायला गेला नाही. सगळं मैद्याच्या खळीनं वह्यांत डकवून टाकलं. गल्लीत त्याला चिकटबुवा म्हणायचे, आणि ते नुसतं खळीवरून नव्हे. स्वतः मात्र कधी गावाबाहेर पाऊल टाकलं नाही. आता मरायच्या आधी त्याला एकच हवं होतं: संग्रहालयात एक काचेचं कपाट आणि त्यावर आपलं नाव. बाई त्याचसाठी वह्या तपासायला आल्या होत्या.

अकरा वह्या सुरळीत पार पडल्या. बाराव्या वहीशी बाई अडल्या.

ही वही पोस्टकार्डांची. बंदरं, दीपगृहं, डोंगरावरची हॉटेलं. चित्र वर, पाठ कागदाला चिकटलेली. एकूण चाळीस.

"ही कुठून आणलीत?"

"जुन्या बाजारातून. पोरगी आणते, महिन्याला एक. डकवतेही तीच. माझे हात थरथरतात, आणि अक्षरही दिसत नाही आता, नुसते रंग दिसतात." त्यानं दाराकडे हनुवटी उडवली. मुलगी तिथंच उभी होती. त्याचं जिने उतरणं बंद झाल्यापासून बाजार, बिलं, टपाल, दवाखाना, सगळं तिच्याच गळ्यात होतं. "जन्मात एक काम धड केलंन, ते हे. आणि दोन महिने झाले, तेही बंद."

"माल येत नाही बाजारात," मुलगी म्हणाली. "मी काय घरी छापू?"

"बघा, तोंड बघा! आणि हिचा भाऊ म्हणजे तर दिवटाच. चार वर्षांपूर्वी भांडून गेला. कुठं उलथलाय कुणास ठाऊक. बापाला एक ओळ नाही. आजारी आहे का, बरा आहे का, काही नाही. मेलो तर कावळ्यांना कळेल, त्याला नाही कळायचं."

"बाबा, लोकांसमोर पुरे करा."

बाईंनी भिंग काढलं. एक कार्ड पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि चार वेळा गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "आजोबा, तुम्ही इतका वेळ मला शिकवताय, पण ही कार्डं जुनी नाहीत. छपाई अगदी हल्लीची आहे. एका वहीत असला माल निघाला की आम्हाला बाकीच्यांवरही भरवसा ठेवता येत नाही."

म्हातारा लालबुंद झाला. "म्हणजे मी लबाड? माझ्या घरात बसून मला लबाड म्हणता?"

"बाई, जरा आत या," मुलगी म्हणाली.

स्वयंपाकघराचं दार तिनं लोटून घेतलं. आवाज खाली आणला, पण त्यातली धार काही गेली नाही.

"नवीच आहेत ती. मीच दुकानातून आणते. भाऊ गेल्यावर हा माणूस दिवसभर दाराकडे बघत बसायचा, अन्नावरून उठायचा. पहिलं कार्ड आणलं त्या दिवशी जेवला. शाबास म्हणाला मला. जन्मात पहिल्यांदा. मग आणत राहिले. आता तुम्ही ते कपाट नाकारलंत तर सगळा राग माझ्यावर निघेल. तुम्ही काय, जाल निघून."

बाईंचा राग विरघळला. आपण उगाच आवाज चढवला असं त्यांना वाटलं. "कपाट मिळेल त्यांना," त्या म्हणाल्या. "अकरा वह्या घेऊ. बारावीला जागा नाही असं सांगते. कार्डांचं तुमच्यामाझ्यात राहील."

दोघी बाहेर आल्या तर म्हातारा वहीवर वाकला होता. शेवटच्या कार्डावर ओला टीपकागद, त्यावर बाइंडिंगचं लोखंडी वजन.

"हे काय करताय?" मुलगी ओरडलीच.

"पाठीवर पोस्टाचा शिक्का असतो, शिक्क्यात वर्ष असतं. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष! खळ म्हणजे डिंक नव्हे, ओल दिली की गपचूप सोडते."

"फाटेल ते! ठेवा, ठेवा म्हणते ना!"

"माझ्या हातून आजवर एक कागद फाटलेला नाही." त्यानं वजन बाजूला सारलं आणि थरथरत्या बोटांनी कार्ड कोपऱ्यातून उचललं. ते अख्खं सुटून आलं. मुलीनं हात पुढे केला, पण बाईंनी तिच्याआधी ते घेतलं. काहीतरी जुनं वर्ष ठोकून द्यायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बिचारीची तेवढी तरी सुटका.

त्यांनी कार्ड उलटं केलं. निळ्या बॉलपेनची अक्षरं ओलीनं जराही फुटली नव्हती.

"वाचा की!" म्हातारा गरजला. "आता का दातखीळ बसली? मोठ्यानं वाचा!"

बाईंनी एकदा मुलीकडे पाहिलं. मग मोठ्यानं वाचलं.

"बाबा, ताई कळवते की माझी कार्डं तुम्ही न वाचताच फाडून टाकता. हे चाळिसावं. यापुढे त्रास देणार नाही."