लाल झालेला माठ

माठ लाल झाला की वाजवायची आरोग्य केंद्रातली घंटा वाजली तशी नर्स सुलक्षणा चपला हातात घेऊन पुळणीवरून धावत सुटली. बारा वर्षांत गावातला एकही माठ लाल झाला नव्हता. हिरूकाकींच्या माठातलं हिरवं शेवाळ मात्र रक्तासारखं लाल झालं होतं, आणि शेजारी रिकामा तांब्या घेऊन काकी बसल्या होत्या.

"काकी, हे शेवाळ पाण्यातलं मीठ खातं, जंतू खातं, म्हणून गाव धड आहे. आणि तुम्ही त्यात खाडीचं पाणी ओतलंत?"

"आज ह्यांची तिथ. या गोड पाण्याचा चहा ह्यांना ओळखू तरी येईल काय गो?"

सुलक्षणाने फळीवरच्या धाकूकाकांच्या, काकींच्या नवऱ्याच्या, फोटोकडे पाहिलं. गावच्या विहिरी पहिल्यापासून मचूळच. बारा वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात त्यांत खाडी शिरली, मागोमाग साथ आली, आणि धाकूकाका त्याच पाण्याने गेले.

"पाणी वाईटच होतं," काकी म्हणाल्या, "पण माझा चाळीस वर्षांचा संसार त्याच चवीचा."

सुलक्षणाने माठातलं पाणी चुलीवर चढवलं, दहा मिनिटं खळखळून उकळू दिलं आणि स्वतःच चहाची पूड टाकली. कोऱ्या चहाचा पहिला कप फोटोपुढे ठेवला. दुसऱ्याचा घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"शी! काकी, खारट झालाय हो."

काकी पदराने डोळे पुसत हसल्या.

"हेही रोज अस्संच म्हणायचे. बारा वर्षं झाली, माझ्या चहाला कुणी नावं ठेवली नाहीत."