भुताच्या कादंबऱ्यांबद्दल माझी दोन मतं

कॉलेजातल्या पोरापोरींसाठी लिहिलेल्या भुताच्या कादंबऱ्या मी ढीगभर वाचल्यात, आणि दर रविवारी आमच्या वाचनाच्या ग्रुपवर त्यांची सालटी काढते. माझी दोन मतं ठाम आहेत. विसरलेली वस्तू आणायला नायिका त्याच घरात परत जाते, हा शुद्ध बावळटपणा आहे. आणि जिवाभावाची मैत्रीणच शेवटी भूत निघते, हे तर सपशेल खोटं. या लेखकांना कधी मैत्रिणी नव्हत्याच काय?

मला सौम्या आहे. खासबागेत तिच्या घरी माझ्यासाठी गुलाबाच्या फुलांचा वेगळा कप आहे. त्यात ती दुसऱ्या कुणाला चहा देत नाही. बुद्धविहारातून आलेल्या आजीला मी हे कौतुकानं सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "ठेवत्यात कुठं गं त्यो?"

"कुठं म्हणजे? स्वयंपाकघरात, बाकीच्या कपांसंगं. लई चौकशा तुझ्या!"

शुक्रवारी सौम्याकडं चहा पिऊन निघाले आणि कोपऱ्यावर आठवलं, कादंबरी तिथंच राहिली. परत गेले. पुढचं दार लावलेलं होतं म्हणून परसात डोकावले. सौम्या माझा कप विसळत होती.

आतून तिची आई म्हणाली, "आत आणू नको गं त्यो."

"दरवेळी काय सांगतीस? ठेवते की भाईरच," सौम्या म्हणाली, आणि तिनं कप न्हाणीमागच्या कोनाड्यात पालथा घातला.

रविवारी ग्रुपवर मी एकच ओळ लिहिली.

दोन्ही मतं मागं घेते.